नाकारले ते भांडे की भांड्याचा फोटो?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात राहणाऱ्या या वाचक ४४ वर्षांच्या असून पूर्वी शाळेत रसायनशास्त्र शिकवत होत्या. गेली ९ वर्षे त्या स्टोनवेअरचे, म्हणजे जास्त तापमानाला भाजलेल्या कणखर मातीच्या भांड्यांचे, काम करतात. गच्चीवरच्या खोलीत त्यांचे चाक आणि इलेक्ट्रिक भट्टी आहे, आणि दिवाळीच्या सुमारास त्यांचे वाडगे व मग बऱ्यापैकी विकले जातात. मुंबईतल्या दोन संस्थांच्या वार्षिक प्रदर्शनांसाठी सलग ३ वर्षे त्यांनी शिल्प विभागात प्रवेशिका पाठवल्या. प्रत्येक वेळी फोटोंच्या पहिल्याच फेरीत नकार आला आणि कारण कोणीच कळवले नाही. पतींना हा खर्च निरर्थक वाटू लागला आहे. एका मैत्रिणीचे म्हणणे असे की निवड हवी असेल तर मोठी भित्तिशिल्पे किंवा मानवाकृती कराव्यात, भांडी करू नयेत. ‘माझ्या कामातच काही कमी आहे का, ज्युरींना आवडेल असे काम करावे का, की हा नादच सोडावा?’ असे त्यांनी विचारले आहे. सोबत त्यांनी नाकारल्या गेलेल्या ९ प्रवेशिकांचे फोटो आणि मोबाइलवर सहज काढलेले आणखी काही फोटो पाठवले आहेत.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले, आणि फोटो त्याहून अधिक वेळा पाहिले. पत्राच्या मध्यावर तुम्ही लिहिले आहे, ‘३ वर्षांत माझ्या ९ भांड्यांना ज्युरींनी नाही म्हटले.’ मला आधी या वाक्यापाशी थांबायचे आहे, कारण तुमच्या पुढच्या सगळ्या शंका त्यातूनच निघाल्या आहेत, आणि ते वाक्य बरोबर नाही. तुमच्या एकाही भांड्याला अजून कोणी नाही म्हटलेले नाही. तुमची भांडी गच्चीवरच्या त्या खोलीतून मुंबईला गेलीच नाहीत. गेले ते फोटो, आणि प्रत्येक फोटोखालची एक ओळ: ‘स्टोनवेअर, ग्लेझ’ (ग्लेझ म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर). नकार मिळाला तो त्या फोटोंना आणि त्या ओळीला.

आपल्याकडे मातीच्या कामाची परीक्षा हाताने घेण्याची रीत आहे. बाजारात माठ घेताना आपण तो टिचकी मारून वाजवून घेतो. गोरोबाकाकांनी जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणे फिरवून कोण पक्के आणि कोण कच्चे ते सांगितले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि नामदेवांना त्या दिवशी किती लागले तेही आपल्याला ठाऊक आहे. पण त्या परीक्षेत परीक्षकाचा हात प्रत्यक्ष पोहोचला होता. आजच्या ज्युरींचा हात पहिल्या फेरीत तुमच्या भांड्यापर्यंत पोहोचत नाही. भांड्याचे वजन, काठाची जाडी, बुडाशी लागणारी खरखर, टिचकीचा नाद हे सारे पडद्याअलीकडेच राहते. चित्रकाराचे काम फोटोत बरेचसे उतरते, आपले फार थोडे उतरते. म्हणूनच मातीत काम करणाऱ्याने फोटोकडे चित्रकारापेक्षा अधिक लक्ष द्यायला हवे, आणि आपण नेमके तिथेच घाई करतो.

मी दोनदा निवड समितीत बसले आहे. खोलीत अंधार केलेला असतो, कलावंताचे नाव झाकलेले असते, पडद्यावर एकामागून एक फोटो येतात आणि पहिल्या फेरीत प्रत्येकाच्या वाट्याला काही सेकंदच येतात. एकदा काळ्या मखमलीवर ठेवलेली एक सुंदर बरणी आली. आजूबाजूला प्रमाण कळेल असे काही नव्हते. खाली उंची लिहिलेली होती, पण आम्हा तिघांपैकी कोणाचेच तिकडे लक्ष गेले नाही, आणि आम्ही ती दालनाच्या मध्यभागी ठेवण्याजोगी मोठी बरणी समजून निवडली. प्रत्यक्षात आली तेव्हा ती तळहातावर मावत होती. बरणी चांगलीच होती, तरी चूक झाली ती झालीच. अशा चुका उलट्या दिशेनेही होतात, फक्त त्यांची गोष्ट सांगायला कोणी उरत नाही. त्या खोलीत बसलेली माणसे तुमचे वाईट चिंतणारी नसतात. त्यांना शेकडो प्रवेशिकांमधून एका दालनात मावतील आणि एकमेकांशेजारी शोभतील एवढीच कामे उचलायची असतात, आणि ज्या फोटोवर डोळा अडखळतो तो फोटो मागे पडतो.

आता तुमच्या फोटोंविषयी स्पष्ट लिहिते. तुमचे काम चांगले वाटते म्हणूनच लिहिते आहे. उंच बरणीचा फोटो गच्चीच्या कठड्यावर काढलेला आहे, आणि बरणीच्या खांद्यामागून तुळशीची कुंडी डोकावते. दुसऱ्या बरणीच्या चकचकीत ग्लेझवर खिडकीचे चारही गज स्वच्छ उमटले आहेत, त्यामुळे नजर आधी खिडकीकडे जाते. तिसऱ्या फोटोत ६ वाडगे ओळीने मांडलेले आहेत, विक्रीसाठी मांडावेत तसे. आणि हे तिन्ही फोटो मोबाइल भांड्याच्या अगदी जवळ नेऊन काढलेले आहेत. मोबाइलच्या रुंद भिंगातून जवळून काढलेल्या फोटोत बरणीचे पोट फुगते आणि बूड बारीक होते. चाकावर तासभर खपून तुम्ही आकाराचा जो तोल साधला, तो त्या भिंगाने बिघडवला.

पण तुम्ही सहज म्हणून पाठवलेल्या फोटोंत एका वाडग्याचा आतला भाग आहे. तळाशी बोटाच्या वळ्याची चक्री आहे, त्या चक्रीत ग्लेझ साचून काकवीच्या रंगाचे झाले आहे आणि काठाकडे येता येता ते इतके पातळ होते की खालची माती दिसू लागते. त्याखाली तुम्ही लिहिले आहे की ही राख गुऱ्हाळाच्या चुलवाणातली, म्हणजे रस उकळण्याच्या भट्टीतली आहे, उसाच्या चिपाडाची. चिपाडाच्या राखेत सिलिका भरपूर असल्याने ती एकटी नीट वितळेना, म्हणून फेल्डस्पार या खनिजाचे आणि खडूचे प्रमाण बदलत तुम्ही ४० चाचण्या घेतल्या. मी हे वाचले आणि बराच वेळ तो फोटो बाजूला ठेवू शकले नाही. ज्या परिसरात ऊस पिकतो आणि गूळ शिजतो, तिथलीच राख तिथल्याच भांड्यावर काकवीचा रंग घेऊन वितळते. हे तुमच्याखेरीज दुसरे कोण करणार होते? आणि ३ वर्षांत ही गोष्ट एकाही अर्जात गेली नाही. तुम्ही सर्वांत मोठी कामे पाठवलीत, सर्वांत चांगली घरीच ठेवलीत.

त्यालाच जोडून आणखी एक. तुम्ही दरवर्षी ३ प्रवेशिका पाठवल्या: एक बरणी, एक गणपतीच्या मुखाचा फलक, एक वाडग्यांचा संच. आपल्याला किती प्रकार येतात हे दाखवावे असे वाटणे स्वाभाविक आहे, पण पडद्यावर लागोपाठ ही तीन कामे आली की पाहणाऱ्याला तीन वेगवेगळे हात दिसतात, एकही नीट ओळखीचा होत नाही. तीन जागा मिळत असतील तर एकाच विचाराची तीन भावंडे पाठवावीत. माझ्या मते तुमच्या बाबतीत तो विचार चुलवाणाची राख हाच आहे.

‘ज्युरी सिरॅमिकला कला मानतच नाहीत’ हा तुमचा दुसरा समज अर्धा खरा आहे, आणि त्यातला खरा अर्धा भाग मी नाकारणार नाही. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ मध्ये स्थापन झाली, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ मध्ये, ललित कला अकादमी १९५४ मध्ये. या परंपरेत चित्र आणि शिल्प हे मुख्य प्रवाह राहिले, आणि मातीचे काम शिल्पाच्या दालनात ब्राँझ, संगमरवर आणि फायबरच्या शेजारी किंवा हस्तकलेच्या सदरात जागा शोधत राहिले. ज्याने आयुष्यभर ब्राँझ ओतले त्याच्यासमोर वाडगा आला की तो त्यात मानवाकृती शोधतो, आणि तो दोष त्या माणसाचा नसून विभाग पाडण्याच्या पद्धतीचा आहे. तरी परिस्थिती बदलली आहे. भाईंदरला चाकावर आयुष्य घालवलेले ब्रह्मदेव राम पंडित यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये जयपूरच्या जवाहर कला केंद्रात इंडियन सिरॅमिक्स ट्रिनाले या फक्त मातीकामाच्या मोठ्या प्रदर्शनाचे पहिले पर्व भरले, आणि २०२४ मध्ये दिल्लीत दुसरे. परदेशात तर मातीसाठीच जुनी व्यासपीठे आहेत. इटलीतल्या फाएंझा गावी सिरॅमिकची स्पर्धा १९३८ पासून भरते. जपानमधल्या मिनो भागातली आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९८६ मध्ये सुरू झाली आणि तिने कलात्मक कामाच्या जोडीला रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या डिझाइनलाही अनेक वर्षे स्वतंत्र विभाग दिला. अमेरिकेत तर फक्त कपांसाठीची वेगळी प्रदर्शनेही भरतात. वाडगा करणाऱ्याने वाडगाच घेऊन जावे अशी दारे आहेत. तुम्ही ३ वर्षे दोनच दारे ठोठावलीत, आणि तीही शिल्पाची.

म्हणून पुढची प्रवेशिका पाठवण्यापूर्वी संस्थेचे जुने कॅटलॉग पाहा. मागच्या ४-५ वर्षांत भांड्याचा आकार असलेले एकही काम तिथे निवडले गेले नसेल, तर ते प्रदर्शन वाईट ठरत नाही, फक्त तुमच्या कामाला तिथे शेजार नाही एवढाच त्याचा अर्थ. निवड समितीची नावे जाहीर होत असतील तर त्यांत कोणी मातीत काम केलेले आहे का ते बघा. नियमावली शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. काम किती वर्षांच्या आतले हवे, आधी कुठे मांडलेले चालते का, कार्यशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली केलेले चालते का, हे प्रश्न तिथेच सुटतात आणि चांगली कामे अनेकदा याच अटींवर बाद होतात. मापे भट्टीतून निघालेल्या भांड्याची द्या. ओल्या मातीचे भांडे भाजून होईपर्यंत साधारण दहा-बारा टक्क्यांनी आकसते हे मी तुम्हाला सांगायला नको, पण मुदत जवळ आली की कच्च्या भांड्याची मापे अर्जात भरणारे लोक मी पाहिले आहेत. फोटोही भाजून झालेल्या कामाचाच जाऊ द्या, कारण भट्टी कोणाच्या मुदतीची वाट पाहत नाही.

तुमच्या मैत्रिणीचा सल्ला मी मनापासून नाकारते. तिची माया खरी आहे, तुम्हाला नकार मिळताना तिला पाहवत नाही. पण ज्युरी दरवर्षी बदलतात. या वर्षी ज्यांना भित्तिशिल्प आवडले ते पुढच्या वर्षी खुर्चीवर नसतील, आणि तुमच्याकडे न आवडणारी भित्तिशिल्पे मात्र उरतील. एकाच कलावंताच्या बाबतीत निवडीचा लंबक किती फिरतो हे पाहायचे असेल तर चित्रकार अमृता शेरगिल यांची हकीकत आठवा. १९३५ मध्ये सिमल्याच्या प्रदर्शनात त्यांनी पाठवलेल्या चित्रांपैकी काही स्वीकारली गेली, काही परत आली, आणि स्वीकारलेल्यांतल्या एकाला पारितोषिकही मिळाले. त्यांनी ते पारितोषिकच परत केले. दोनच वर्षांनी, १९३७ मध्ये, बॉम्बे आर्ट सोसायटीने ‘तीन मुली’ या त्यांच्या चित्राला सुवर्णपदक दिले. पारितोषिक परत करण्याचा ताठा सगळ्यांनी दाखवावा असे मी म्हणणार नाही, तुमच्या-माझ्यासारख्यांना ते परवडतही नाही. पण सिमल्याला काय आवडते ते पाहून त्या मुंबईसाठी चित्र काढायला बसल्या नाहीत, हे लक्षात घ्या. मोठे काम करावेसे तुम्हाला स्वतःला वाटत असेल, भट्टीत मावत असेल आणि त्यात चुलवाणाची राख काही नवे बोलणार असेल, तर जरूर करा. केवळ मोठे म्हणून करू नका.

आता तुमच्या यजमानांच्या म्हणण्याकडे येते, कारण पत्रात तुम्ही ते तक्रारीसारखे लिहिले असले तरी मला त्यात तथ्य दिसते. प्रवेश शुल्क भरले की खर्च संपत नाही. निवड झाली तर पॅकिंग, जाण्यायेण्याचे भाडे, उद्घाटनाला मुंबईत राहणे, आणि काम विकले गेलेच तर संस्थेचे कमिशन, हे सारे त्यात धरावे लागते. दोघांनी बसून वर्षाची एक रक्कम ठरवा आणि तिच्यात बसतील तेवढीच, माझ्या मते दोन, फार तर तीन प्रदर्शने निवडा. आणखी एका गोष्टीपासून सावध राहा, तुम्हीच नाही तर हे वाचणारे सगळेच. काही ठिकाणी निवड झाल्याचे अभिनंदनाचे पत्र आधी येते आणि ‘सहभाग शुल्क’ म्हणून मोठी रक्कम नंतर मागितली जाते. तिथे बहुधा सगळ्यांचीच निवड झालेली असते. ते भिंतीचे भाडे असते, त्याला ज्युरी म्हणू नये. शुल्क आधीच जाहीर केलेले आहे का, परीक्षकांची नावे कळतात का, आणि मागच्या वर्षी कोणी नाकारले गेल्याचे तुमच्या ओळखीत कोणी सांगते का, एवढे विचारले तरी बरेच कळते.

पॅकिंगविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण निवड झाल्यावर सर्वांत मोठे दुःख तिथे होते, म्हणून लिहिते. माझी एक उंच सुरई एका प्रदर्शनातून मान तुटून परत आली होती. मला फार राग आला, आणि मग खोके उघडून पाहिल्यावर कळले की दोष माझाही होता. मी ती एकाच खोक्यात भरली होती, मानेभोवतीची पोकळी रिकामी सोडली होती, आणि परत भरणाऱ्या मुलाला मी कशी भरली होती हे कळायला काहीच मार्ग नव्हता. तेव्हापासून मी मान, कान आणि चोच यांच्याभोवतीच्या खाचा आधी मऊ कागदाने भरून सगळा आकार सलग करते, त्यावर फोम गुंडाळते, आतले खोके बाहेरच्या मोठ्या खोक्यात ठेवून सर्व बाजूंनी चारेक बोटे जाडीची गादी राहील असे भरते, आणि हलवल्यावर आतून कसलाही आवाज आला तर पुन्हा उघडते. कुंभार गाडीत मडकी भरताना पेंढा घालतात, त्यातले शहाणपण हेच आहे की मडक्याने मडक्याला किंवा लाकडाला कुठेही शिवू नये. शिवाय भरतानाचे ४ फोटो छापून झाकणाच्या आत चिकटवा, कारण भरणारे आणि परत भरणारे हात वेगळे असतात. बूड मात्र पाठवण्यापूर्वी घासून गुळगुळीत करा. दुसऱ्या फेरीत काम समोर आले की जाणकार परीक्षक ते उलटे करून बूडच आधी पाहतो, आणि तिथल्या खरखरीने स्टँडवर ओरखडा पडला तर संस्थेलाही वाईट वाटते. उंच बरणी पोकळ असते, गर्दीत धक्का लागला तर कलंडते, म्हणून तिच्या आत वाळूची छोटी पिशवी ठेवण्याची परवानगी मागून घ्या.

परदेशी स्पर्धेत निवड झाली तर लाकडी खोके बहुतेक ठिकाणी उष्णतेची प्रक्रिया करून शिक्का मारलेल्या लाकडाचे लागते. काम परत येणार असेल तर जाताना कस्टम्सची कागदपत्रे नीट करावी लागतात, आणि त्यासाठीचे एटीए कार्ने, म्हणजे वस्तू तात्पुरती परदेशी नेऊन परत आणण्याचा परवाना, आपल्याकडे फिक्की ही उद्योगांची संघटना देते. पण ती पायरी यंदा चढू नका.

‘नाद सोडावा का’ या प्रश्नाचे उत्तर देताना मला तो दोन भागांत तोडावा लागतो. मातीचा नाद सोडण्याचे कोणतेही कारण मला तुमच्या पत्रात सापडले नाही. प्रदर्शनांना एक वर्ष विश्रांती द्यावी का, हा मात्र खरा प्रश्न आहे, आणि मी त्याला हो म्हणेन. या वर्षी प्रवेशिका पाठवू नका. राखेच्या त्या ४० चाचण्यांमधून जे सापडले त्याची १०-१२ भांडी करा, आणि ती तुमच्याच शहरात, एखाद्या वाचनालयात किंवा ओळखीच्या वाड्याच्या ओसरीवर चार दिवस मांडा. गुऱ्हाळवाल्यांनाही बोलवा. लोक कोणते भांडे उचलतात, कोणत्या भांड्याला हात न लावता पुढे जातात, ते शांतपणे पाहा आणि लिहून ठेवा. जे भांडे वारंवार उचलले जाते आणि जे तुम्हाला विकावेसे वाटत नाही, अशा तीन भांड्यांवर पुढच्या वर्षीची प्रवेशिका उभी करता येईल. त्यानंतरही नकार येऊ शकतो, आणि मी तुम्हाला त्याची खात्री किंवा भीती दोन्ही देऊ शकत नाही. मात्र तो नकार आला तर तो निदान तुमच्या कामाला आलेला असेल, गच्चीच्या कठड्याला नव्हे, आणि त्याच्याकडून काही शिकता येईल.

अर्जातली ती एक ओळही आताच बदलून ठेवा: ‘स्टोनवेअर, चाकावर घडवलेले, गुऱ्हाळाच्या चुलवाणातील चिपाडाच्या राखेचे ग्लेझ, इलेक्ट्रिक भट्टी,’ आणि पुढे तुमचे जे तापमान असेल ते. आणखी दोन वाक्ये लिहायला जागा दिलेली असेल तर त्यांत मातीचा महिमा सांगू नका, त्या ४० चाचण्यांविषयी लिहा.

सध्या पावसाळी हवा आहे. ढगाळ सकाळचा प्रकाश मऊ आणि सारखा असतो, त्यासारखा प्रकाश स्टुडिओतही सहज मिळत नाही. खिडकीला पातळ मलमल लावा, टेबलावरून मागच्या भिंतीपर्यंत करड्या रंगाचा एकच सलग कागद वळवून चढवा म्हणजे मागे कुठे कड दिसणार नाही, आणि खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा थर्मोकोल उभा करा. फ्लॅश बंद ठेवा. मोबाइल तिपाईवर ठेवून दोन-अडीच मीटर मागे न्या आणि झूम करून काठ किंचित उघडा दिसेल एवढ्या उंचीवरून फोटो घ्या, मग आतल्या चक्रीचा एक जवळून घ्या. त्या काकवीच्या रंगाच्या वाडग्यापासून सुरुवात करा. फोटो निघाले की मला पाठवा, मी पाहीन आणि उत्तर देईन.